बुलडोझर १:१४, डोळा मात्र १:१

साठी ओलांडलेला पेशंट ‘हल्ली घरी रिमोटवर चालणारा बुलडोझर बनवतोय’ असं सांगतो, तेव्हा सोबत आलेली मंडळी कपाळाला हात लावतात आणि मला मात्र मनापासून बरं वाटतं. निवृत्तीनंतर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेचं करायचं काय, या प्रश्नाने खंगलेले लोक मी खूप पाहिले आहेत. ज्याला रात्री झोपताना उद्या कुठलं भोक पाडायचं याचा विचार पडलेला असतो, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. निदान त्या बाबतीत तरी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा दुकानात मिळणारा प्लास्टिकचा बुलडोझर नव्हे. पोलादी पत्रा कापून, वाकवून केलेली चौकट असते. दोन्ही बाजूंना साखळीपट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी मोटर, कारण बुलडोझरला मोटारगाडीसारखी वळणारी चाकं नसतात. एक पट्टा मंदावला की यंत्र त्या बाजूला वळतं. पुढचं पातं उचलायला बोटाएवढे हायड्रॉलिक सिलिंडर आणि त्यांना तेल पुरवणारा इवलासा पंप. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा. प्रमाण बहुतेक वेळा १:१४, कारण रिमोटच्या ट्रकांमध्ये तेच रूढ आहे आणि शेजारी ट्रक उभा केला तर शोभायला हवा! एका पट्ट्याला चाळीसच्या आसपास पाती, म्हणजे दोन्ही मिळून ऐंशी, आणि खऱ्यासारखे प्रत्येक पात्याला चार बोल्ट लावायचे ठरवले तर तीनशे वीस भोकं आणि तितकेच आटे. सांगली, कोल्हापूर, चिंचवडकडे ज्यांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यांना हे वाचूनच हात शिवशिवतील.

याचा तब्येतीला फायदा होतो का? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ देशांमधल्या, ६५ वर्षांपुढच्या ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली होती. ज्यांना काही छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी आणि आयुष्याबद्दलचं समाधान जास्त दिसलं. आता ज्याची तब्येत मुळात बरी तोच छंद करू शकतो, हाही भाग त्यात असणार. त्यामुळे ‘बुलडोझर बनवा, स्मृतिभ्रंश टाळा’ असं मी कुणाला सांगणार नाही. पण छंद बंद करा असं तर मुळीच सांगणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. घरचे, शेजारचे, बनवणारा स्वतः आणि आम्ही डॉक्टरसुद्धा या सगळ्याला ‘खेळणं’ म्हणतो. तयार होणारी वस्तू खेळणं असेल. ती तयार करणारा ग्राइंडर खेळण्यातला नसतो, लेथ खेळण्यातलं नसतं, वेल्डिंगचा धूर चौदापट सौम्य नसतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात फिरत्या यंत्रांना जाळी हवी (कलम २१) आणि कण उडणाऱ्या कामात डोळ्यांना संरक्षण हवं (कलम ३५) अशी कलमं आली, ती उगाच नाहीत. कंपनीत तीस वर्षं सुपरवायझर ओरडत होता म्हणून गॉगल लावणारा माणूस घरच्या गॅलरीत आला की लुंगी-बनियनवर, उघड्या डोळ्यांनी, अनवाणी ग्राइंडर चालवतो. इथे ओरडणारं कुणी नाही. बायको ओरडते, पण ती आवाजाबद्दल.

आणि दवाखान्यात आल्यावर त्याच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच शब्द लिहिला जातो: निवृत्त.

हा एक शब्द किती महागात पडू शकतो ते पाहा. समजा तुमची कंबर धरली आहे. मॉडेलच्या टेबलावर वाकून वाकून ती धरणारच. एमआरआय करायचं ठरतं. तपासणीआधी एक फॉर्म भरून घेतात. शरीरात पेसमेकर, क्लिप, धातूची पट्टी आहे का, असे प्रश्न असतात. त्यातच एक प्रश्न असतो: डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, किंवा तुम्ही धातू घासण्या-कापण्याचं काम करता का? बँकेतून निवृत्त झालेला माणूस बेधडक ‘नाही’वर खूण करतो. त्याच्या लेखी ते ‘काम’ नाहीच.

एमआरआयचं यंत्र म्हणजे प्रचंड ताकदीचा चुंबक. डोळ्याच्या आत लोखंडाचा सूक्ष्म कण रुतून बसलेला असेल तर तो त्या चुंबकात जागचा हलू शकतो. १९८६ साली अशा एका रुग्णाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली, एमआरआयनंतर त्याचा एक डोळा गेला. तुम्ही म्हणाल, डोळ्यात लोखंड असेल तर माणसाला कळणार नाही का? नाही कळत, तीच तर गोम आहे. छिन्नीवर हातोडी मारताना उडालेली बारीक कपची इतकी धारदार आणि वेगवान असते की ती बुबुळातून आरपार आत जाते. क्षणभर टोचल्यासारखं होतं, थोडं पाणी येतं, संध्याकाळपर्यंत माणूस विसरतो. पुढे महिन्यांनी-वर्षांनी ते लोखंड आतल्या आत गंजतं आणि नजर हळूहळू उतरत जाते. मोतीबिंदू समजून कुणी दाखवायला आलं तर त्या कणाचा शोध लागतो. म्हणून छंदापुरतं का होईना, लोखंड घासत-ठोकत असाल तर एमआरआयच्या फॉर्मवर ‘हो’ लिहा आणि तंत्रज्ञाला तोंडीही सांगा. शंका असेल तर ते आधी डोळ्यांच्या भागाचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतील. त्यात अडचणीचं काही नाही.

बुबुळावरच चिकटून बसलेला कण हा त्या मानाने नेहमीचा प्रकार. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजार फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. ठिणगी म्हणजे त्या वेगाने सुटलेला तापलेला पोलादी कण. चष्मा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चष्म्याच्या बाजू उघड्या असतात आणि कण गालावरून, भुवईवरून उडून आत येतो. बाजूंनी बंद असलेला सेफ्टी गॉगल दोन-तीनशे रुपयांत मिळतो, चष्म्यावरून लावता येतो. रिमोट आणि रिसीव्हरवर हजारो रुपये हसत हसत घालणारे लोक या दोनशे रुपयांसाठी दहा दुकानं का फिरतात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

कण गेलाच तर डोळा चोळू नका. पदराचं टोक, रुमाल, कापसाची काडी, शेजारच्या गॅरेजवाल्याचं चुंबक, यांपैकी काहीही वापरू नका. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. तरी खुपत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लोखंडी कणाभोवती काही तासांतच गंजाचं वर्तुळ तयार व्हायला लागतं, ते जितकं जुनं तितकं काढायला चिवट. आणि हातोडी-छिन्नी चालवताना काही लागलं असेल, तर डोळा दुखत नसला तरी जा. त्या वेळी डोळा दाबून बांधू नका, वरून फक्त कागदी कपासारखं काहीतरी ठेवा म्हणजे दाब येणार नाही. ‘वेल्डिंग डोळ्याला लागणं’ हे दुखणं मात्र वेगळं. ते मध्यरात्री, काम संपून सहा-आठ तासांनी सुरू होतं, डोळ्यात वाळू भरल्यासारखं वाटतं आणि बहुधा एक-दोन दिवसांत बरं होतं. त्यावर डोळा बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून वारंवार घालणं हा मूर्खपणा आहे. वेदना जाते आणि बुबुळाची जखम तशीच राहते किंवा वाढते.

आता धुराकडे येऊ. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त पडतो, हाताशी असतो, म्हणून मॉडेलच्या चौकटीला तोच वापरला जातो. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना किंवा पितळी सळईने ब्रेझिंग करताना जस्ताची वाफ होते आणि पांढरा धूर निघतो. तो बंद खोलीत छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि तोंडाला धातूची चव. पावसाळ्यात अशा माणसाची आमच्याकडे मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड अशी सगळी तपासणी होते. रिपोर्ट येईपर्यंत ताप उतरलेला असतो, कारण हा त्रास एक-दोन दिवसांत आपोआप जातो. दोन आठवड्यांनी पुढचा पत्रा जोडला की पुन्हा तेच. ‘काल काय केलंत?’ एवढा एक प्रश्न विचारला असता तर रक्ताच्या अर्ध्या बाटल्या वाचल्या असत्या. हा प्रश्न आम्ही विचारत नाही हे खरं, म्हणून तुम्हीच सांगत चला.

इथे एक धोक्याची सूचना. बारीक पितळी भाग जोडायला चांदीचं ब्रेझिंग करतात. त्या सळयांच्या काही प्रकारांत कॅडमियम असतं, त्याने मिश्रधातू लवकर वितळतो आणि काम सोपं होतं. त्याचा धूरही सुरुवातीला असाच फ्लूसारखा त्रास देतो. पण पुढे तो उतरत नाही, दम वाढत जातो, फुप्फुसांना सूज येते आणि जीवही जाऊ शकतो. सळई घेताना ‘कॅडमियम नसलेली द्या’ असं स्पष्ट सांगा, पाकीट वाचा, पाकीट नसेल तर घेऊ नका. ब्रेझिंगनंतरच्या तापात श्वास लागत असेल तर रात्र काढू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा आणि काय तापवलं होतं ते पहिल्या वाक्यात सांगा. गूळ खाल्ला किंवा ग्लासभर दूध प्यायलं की धूर बाधत नाही, हा आपल्याकडच्या कारखान्यांमधला जुना समज. गूळ-दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात जातो. दोघांची भेटच होत नाही.

सोल्डरिंगबद्दल लोकांना भलतीच भीती असते आणि खरी भीती नसते. सर्वांना वाटतं की त्या धुरात शिसं असतं. शिसं उकळायला १,७४९ अंश सेल्सियस लागतात आणि सोल्डरिंगचं टोक साडेतीनशेच्या आसपास असतं, त्यामुळे धुरातून शिसं जवळपास येत नाही. धूर असतो तो राळेचा, आणि त्याने दमा होऊ शकतो. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. सोल्डरची तार हाताळलेल्या हाताने शेंगदाणे खाल्ले, चहाबरोबर बिस्किट मोडलं, किंवा त्याच तळहातावर तंबाखू मळली की काम झालं. (तंबाखूबद्दल मला आणखी बरंच बोलायचं असतं, पण तो विषय आज नको.) साबणाने हात धुवा, कामाच्या टेबलावर खाणं-पिणं नको, आणि धूर तोंडापासून दूर, खिडकीबाहेर नेणारा छोटा पंखा लावा.

बुलडोझर म्हटला की तो पिवळाच हवा. त्या पिवळ्याला लेड क्रोमेट नावाचं रंगद्रव्य पूर्वापार वापरलं जात आलं आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१७ पासून लागू झाला, पण यंत्रांना मारायचे औद्योगिक रंग त्या नियमात येत नाहीत. तेव्हा ‘खऱ्या जेसीबीचा उरलेला डबा मिळाला’ म्हणून खूश होऊ नका. जुन्या बाजारातून आणलेला पिवळा पत्रा पॉलिश पेपरने कोरडा घासूही नका, घासायचाच तर ओला घासा. मोठ्या माणसाला जेवढ्या शिशाने फारसं काही होत नाही, तेवढं रांगणाऱ्या नातवाच्या मेंदूच्या वाढीला बाधक ठरू शकतं. आणि तो बरोबर त्याच टेबलाखाली येतो. दोन भाग मिसळून मारायच्या चकचकीत रंगांमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानेही दमा जडतो. असा रंग गॅलरीत फवारण्यापेक्षा गाड्यांच्या पेंटरकडून मारून घ्या.

हातांबद्दल थोडक्यात. ड्रिल आणि लेथवर हातमोजे घालू नका. हा सल्ला उलटा वाटतो, पण फिरणारं टोक मोज्याचा धागा पकडतं आणि मोज्याबरोबर बोट ओढून नेतं. अंगठी, गळ्यातली साखळी, लोंबतं जानवं, सैल बाही, सगळं काढून किंवा आत खोचून बसा. छोटा भाग हातात धरून भोक पाडू नका, व्हाइसमध्ये पकडा. पितळ तर ड्रिलला हमखास अडकतं आणि पात्यासारखं गरकन फिरतं. हायड्रॉलिकच्या नळीतली गळती बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठा फिरवा. बारीक छिद्रातून दाबाने आलेलं तेल कातडीखाली शिरलं तर बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत बोट कुजायला लागतं. अशी शंका आली तर दुखायची वाट न पाहता शल्यचिकित्सकाकडे. बोट तुटलंच, तर तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात नको. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर जखम व्हायची वाट न पाहता घेऊन टाका.

मधुमेह असलेल्यांशी मला वेगळं बोलायचं आहे. आपण घरात अनवाणी वावरतो आणि कार्यशाळा घरातच आहे. कानशीचा आणि लेथचा कीस लादीवर पसरतो, पायाला चिकटून देवघरापर्यंत जातो. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला तो टोचलेला कळत नाही. आठवड्याने मोजा ओला लागतो तेव्हा कळतं. त्या खोलीत बंद बूट घाला, ते तिथेच काढा, आणि रात्री तळपाय आरशात पाहा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कापल्यावर दाबून धरायची वेळ नेहमीपेक्षा जास्त लागेल, हे धरून चाला. पेसमेकर असेल तर आर्क वेल्डिंगला हात लावण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारा. आणि सर्दीची किंवा झोपेची गोळी घेतली असेल त्या दिवशी चित्रं काढा, ग्राइंडर नको.

बॅटरी फुगलेली दिसली की ती निवृत्त झाली असं समजा. लिथियम बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, आणि बाहेर पडायच्या दाराजवळ तर कधीच नको. आग लागली तर दार ओढून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. तो धूर विषारी असतो. मॉडेल वाचवायला आत जाऊ नका.

तयार झालेलं मॉडेल उचलतानाचा एक हिशेब मला फार आवडतो. कॅटरपिलरचा खरा डी-९ बुलडोझर पन्नास टनांच्या आसपास भरतो. लांबी चौदाव्या हिश्श्याची केली की वजन मात्र चौदा गुणिले चौदा गुणिले चौदा, म्हणजे २,७४४ वा हिस्सा होतं. म्हणजे अठरा किलो. अठरा किलोचं ‘खेळणं’ कमरेत वाकून जमिनीवरून उचलणारे नंतर माझ्याकडे येतात.

घरच्यांना माझं सांगणं असं, की ही यादी वाचून त्या खोलीला कुलूप लावू नका. गॉगल, बूट आणि पंखा आणून द्या, वाढदिवसाची भेट म्हणून चालेल. पाय घसरून पडेल म्हणून आपण वडिलांचं बाथरूम बंद करत नाही, तिथे दांडा बसवतो.

आणि बनवणाऱ्यांना एक विनंती. तुमचे हात आणि डोळे तुम्ही रोज अशा बारीक कामावर तपासता, जी तपासणी मी दहा मिनिटांच्या भेटीत करूच शकत नाही. स्क्रूच्या डोक्यावरची खाच धूसर दिसायला लागली, अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायला लागली, गरम भाग हातात आला तरी चटका उशिरा कळला, हात टेबलावर टेकलेला असतानाही थरथरतो आहे असं वाटलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत आणि लवकर कळलं तर ते सोपे असतात. पट्ट्याची ऐंशी पाती तुम्ही काही महिने घेऊन बनवलेली असतात. पुढच्या वेळी येताना पहिल्या आठवड्यातलं एक पातं आणि अगदी अलीकडचं एक पातं खिशात घालून आणा. भोकं जागेवर पडली आहेत की सरकली आहेत, ते मला पाहायचं आहे.